अट क्रमांक सतरा

माझं काम इतिवृत्त लिहिण्याचं.
कोण काय म्हणालं ते नीट ऐकायचं
आणि कुणीच काही म्हणालं नाही अशा भाषेत लिहायचं:
चर्चा झाली. अवलोकन करण्यात आले. सर्वानुमते.

विषय क्रमांक अकरा, मौजे बाळकुम.
तळ अधिक चार पोडियम अधिक एकतीस मजले.
नकाशा टेबलावर पसरला, चार कोपऱ्यांवर
चहाचे चार कप ठेवले,
नाहीतर तो पुन्हा पुन्हा गुंडाळी होत होता.

हिरवी वर्तुळं मोजली. एकशे बारा.
सगळी एका शिक्क्याची.
बकुळ तेवढीच, जेवढा ताम्हण, जेवढा फॉक्सटेल पाम.
'मातीची खोली?' गव्हाणकर साहेबांनी विचारलं.
'पंचेचाळीस सेंटिमीटर, सर, खाली पार्किंग आहे.'
साहेबांनी टेबलाखाली स्वतःच्या गुडघ्याकडे पाहिलं.
'एवढ्यात बकुळ?'
'प्रजाती बदलून देतो.'
मी लिहिलं: खुलासा समाधानकारक.

मग कुंपणभिंतीच्या रंगावर पाऊण तास.

हरकत एकच.
येसूबाय नथू भोईर, वय दिलेलं नाही,
निवट्यांची पाटी दाराबाहेर ठेवून आलेली,
तिच्यामागून वासही आत आला, त्याची नोंद नाही.

भेंडाचं एक झाड आहे तिथं, रस्त्याला लागून.
प्लॉटच्या मोजणीत ते रस्त्यावर,
रस्त्याच्या मोजणीत ते प्लॉटमध्ये,
दोन मोजण्यांच्या मधल्या सव्वा फुटात
ते गेली साठ वर्षं उभं आहे. पत्र्याचा नंबर नाही.
त्यामुळे तोडायलाही परवानगी लागत नाही
आणि वाचवायलाही कोणी नाही.

'साहेब, झार तोरू नका असं मी बोलतच नाय,' ती म्हणाली.
'सावली कोनाच्या पलाटान परते, तेवरा सांगा.'

मोजणीदाराने कागद चाळले.
सकाळी रस्त्यावर, दुपारनंतर प्लॉटमध्ये,
असं काहीतरी पुटपुटला,
नकाशावर सूर्य कुठून उगवतो ते बोटानं शोधत.

बिल्डरचा माणूस हसला. वाईट हसला नाही, बरंच हसला.
'मावशी, एकतीस मजले आहेत.
भेंडापेक्षा मोठी सावली पडेल, थेट पलीकडच्या नाल्यापर्यंत.'

'त्या सावलीन बसू देनार का?'

पंखा फिरत होता. एका कपाखालून
नकाशाचा कोपरा निसटला आणि वर आला.
कोणी तो दाबला नाही.

'नोंद घ्या,' साहेब म्हणाले.
एकवीस वर्षांत मला कळलंय
नोंद घ्या म्हणजे काय, आणि पेन कधी खाली ठेवायचं.

सोळा अटी छापील होत्या.
पर्जन्यजल, सौरऊर्जा, ओला कचरा, समासातील अंतरं.
संध्याकाळी मी सतरावी टाइप केली:
'रस्त्यालगतच्या भेंडाच्या सावलीत
सकाळी अकरा वाजेपर्यंत बसणाऱ्या व्यक्तीस
अटकाव करण्यात येऊ नये.'
साहेबांनी शेवटच्या पानावर सही केली.
वाचलं की नाही, मी विचारलं नाही.
त्यांनीही नाही.

आठवड्यानं आर्किटेक्टचा फोन.
मुलगी गोंधळलेली, चिडलेली नव्हती.
सावली नकाशात दाखवायची कशी?
लाल म्हणजे प्रस्तावित, पिवळं म्हणजे पाडायचं,
तुटक लाल सांडपाण्याची, तुटक काळी पाण्याची,
सगळ्या रेषा कोणाच्या ना कोणाच्या नावावर.

मी त्याच सकाळी बाळकुमवरून आलो होतो.
भेंडाची फुलं सकाळी पिवळी असतात,
मावळतीला तांबडी होऊन खाली पडतात.
पाटीवर एक पडलं होतं,
येसूबायनं ते उचलून बाजूला ठेवलं
आणि गिऱ्हाइकाला निवट्या मोजून दिल्या.
हे काही मी तिला सांगितलं नाही.

म्हटलं, पेन्सिलीनं काढा.

'सर, पेन्सिल स्कॅनमध्ये येत नाही.'

माहितीय, म्हटलं.
तरी काढा. आणि वेळ लिहा बाजूला.